डिमेन्शिया असलेल्या घरच्या माणसाला इन्फेक्शन झालंय, हे ओळखायचं कसं

आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आठ दिवस होते. सकाळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रोजच्यासारखं सूप मांडीवर घेतलं. त्यांचं वय तेव्हा ७८, अल्झायमरचं (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) निदान होऊन चार वर्षं झालेली. बाकी बरंच विसरल्या होत्या, पण तुरीची डाळ पुढ्यात ठेवली की खडे वेचायला हात आपोआप चालायचे. त्या दिवशी हात चालले नाहीत. सूप तसंच धरून त्या तासभर बसून राहिल्या. दुपारी न जेवताच झोपल्या. दुसऱ्या दिवशी अंगणात बकऱ्या शिरल्या म्हणून ओरडायला लागल्या. आमच्याकडे बकऱ्या नाहीत.

येणारा-जाणारा म्हणायचा, "आता आजार वाढला, वय झालं." आम्हालाही ते पटलं. अंगाला हात लावून पाहिला, ताप वाटला नाही. तिसऱ्या दिवशी त्या उठेचनात, तेव्हा दवाखान्यात नेलं. लघवीचं इन्फेक्शन निघालं, ते रक्तापर्यंत पोहोचलेलं. अंगातलं पाणी आटलेलं, सोडियम घसरलेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे नेमकं कधीपासून?" घरातल्या तिघांनी तीन उत्तरं दिली.

ते तीन दिवस मला अजून सलतात. पुढच्या दोन वर्षांत आईंना आणखी दोनदा इन्फेक्शन झालं, आणि दोन्ही वेळा आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं. काय बघायचं, काय मोजायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं, एवढं शिकलो होतो. तेच इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. औषध कोणतं द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणं घरच्यांच्या हातात असतं.

घरात आधी एवढं आणून ठेवा

डिजिटल थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, शुगर असेल तर ग्लुकोमीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ, तोंडात आणि पाठीवर बघायला छोटी बॅटरी, लघवीच्या तपासणीची निर्जंतुक डबी (लॅबमध्ये किंवा मेडिकलवर मिळते), आणि एक शंभरपानी वही. सगळं एकदम घेणं जमणार नसेल तर वही आणि थर्मामीटर आधी घ्या. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर यांच्या तोंडात कधीही देऊ नका, चावून फोडतात.

१. बरं असतानाचं माणूस कागदावर उतरवा

हे काम आजारपणात होत नाही. एखादा शांत आठवडा निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या माणसाचा "रोजचा दिवस" लिहा. आमच्या वहीतलं पान असं होतं:

"सकाळी काखेत ताप ९७.२. श्वास मिनिटाला १८. ऑक्सिजन ९६. बीपी १४०/८०. नाडी ७५. अर्धी कळण्याची भाकरी उडदाच्या डाळीत कुस्करून खातात. दिवसातून पाच-सहा वेळा लघवी. संडास एक दिवसाआड. भिंत धरून मोरीपर्यंत स्वतः जातात. संध्याकाळी साडेपाचनंतर 'माले घर जानं शे' म्हणत दाराशी उभ्या राहतात."

शेवटचं वाक्य मुद्दाम वाचा. संध्याकाळी घरी जायचा हट्ट हा आईंचा रोजचाच होता. पाहुण्यांना वाटायचं काहीतरी बिघडलं, पण आमच्या लेखी ते नेहमीचं होतं. उलट ज्या दिवशी त्या दाराशी आल्याच नाहीत, त्या दिवशी आम्ही थर्मामीटर काढला. प्रत्येकाचं "रोजचं" वेगळं असतं, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यांवर जाऊ नका. हे पान तीन-चार महिन्यांनी नव्याने लिहा, कारण मूळ आजारही हळूहळू पुढे सरकत असतो.

२. बदल महिन्यांत झाला की दोन दिवसांत, हे आधी ठरवा

डिमेन्शिया महिनोन्‌महिने वाढत जातो. काल भाकरी हाताने खाणारं माणूस आज घास तोंडात धरून बसलं, तर ते डिमेन्शियाने एका रात्रीत केलेलं नाही. शरीरात दुसरं काहीतरी घडतंय आणि मेंदूला ते पेलवत नाहीये. या अचानक आलेल्या गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आधीच थकलेल्या मेंदूला लघवीचं किंवा छातीचं साधं इन्फेक्शनही तिथवर नेतं. धडधाकट माणूस "जळजळतंय", "छातीत दुखतंय" असं सांगतो. यांना सांगता येत नाही, म्हणून वागणंच बदलतं.

हा गोंधळ दोन तऱ्हांचा असतो. एक सगळ्यांना दिसतो: आरडाओरडा, मारायला धावणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, रात्रभर जागणं, सलाईन ओढून काढणं. दुसरा शांत असतो: माणूस पेंगतं, हाकेला उशिरा ओ देतं, जेवत नाही, एका कुशीवर पडून राहतं. या दुसऱ्याचंच मला जास्त भय वाटतं, कारण घरातल्यांना तो आराम वाटतो. "आज आई किती शांत आहेत" हे वाक्य आमच्याकडे त्या आखाजीला दोनदा बोललं गेलं.

खालच्यातलं काहीही एक-दोन दिवसांत नव्याने सुरू झालं, तर वही काढा:

- नेहमीपेक्षा जास्त झोप, किंवा दिवस-रात्र उलटी होणं
- बोललेल्याकडे लक्षच न लागणं, वाक्य अर्ध्यात सोडणं
- चालणारं माणूस लटपटणं, पडणं, उठताना आधार मागणं
- अन्न-पाणी बंद, घास गालात साठवून ठेवणं
- कपड्यात लघवी होऊ लागणं, तेही आधी होत नसताना
- अंघोळीला, कपडे बदलताना अचानक ओरडणं, हात झटकणं

डिलिरियम दिवसभर सारखा नसतो. पहाटे बेशुद्धीसारखं असलेलं माणूस अकरा वाजता डॉक्टरांना हसून नमस्कार करतं, आणि डॉक्टर म्हणतात, "ठीक तर आहेत." म्हणून मोबाइलवर अर्ध्या-एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात असे चढउतार मुळातच होतात, तेव्हा त्या घरांनी तर पहिल्या पानाशीच तुलना करावी.

३. ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका

म्हातारपणी अंग ताप उशिरा चढवतं, कधी चढवतच नाही. त्यात आपल्याकडच्या वैशाखात सगळ्यांचंच अंग तापलेलं असतं, हात लावून काही कळत नाही. थर्मामीटर लावा, दर वेळी त्याच जागी. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, म्हणून एकदा काख ठरवली की काखच.

तोंडात लावून १०० फॅरनहाइटच्या वर गेला तर ताप आहेच. पण त्याहून उपयोगी खूण म्हणजे रोजच्यापेक्षा दोन अंशांची वाढ. आईंचं रोजचं ९७.२ होतं, म्हणजे त्यांच्यासाठी ९९.२ हाच ताप. आकडा उलट बराच खाली गेला आणि हातपाय गार पडले, तर तीही धोक्याची खूण, गंभीर इन्फेक्शनमध्ये असं होतं. आणि एक गोष्ट हमखास सुटते: गुडघ्यांसाठी रोज पॅरासिटामॉल चालू असेल तर ताप झाकला जातो. गोळीची वेळ व्हायच्या आधी ताप मोजा.

श्वास मोजायला शिका, याला मशीन लागत नाही. माणूस निवांत पडलेलं असताना पोटावरच्या पदराकडे बघा. पदर एकदा वर-खाली झाला की एक. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. पंचविशीच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला आमच्या घरात वीस माणसं होती. आई कोपऱ्यात मलूल बसलेल्या, आणि सगळे म्हणत होते गर्दीने दमल्या. खोकला नव्हता, ताप ९८.८. मी पदराकडे बघून श्वास मोजले, ३२ भरले. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला.

ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना फोन करा, ९० च्या खाली आला तर थेट दवाखाना. जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर त्यांच्यासाठी कोणता आकडा चालतो ते आधीच विचारून ठेवा. बोट गार असलं किंवा नखाला रंग असला की ऑक्सिमीटर चुकीचं दाखवतो. बीपी नेहमी १४० असणाऱ्याचं १०० आलं तर "वा, बीपी छान" म्हणू नका. शुगरवाल्यांची साखर इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा चढते. ती ७० च्या खाली असेल तर मात्र गोंधळाचं कारण तेच असू शकतं. माणूस नीट गिळत असेल तरच साखरपाणी द्या आणि लगेच डॉक्टरांशी बोला.

४. डोक्यापासून पायापर्यंत बघा, आणि त्यांच्या बोलीत विचारा

याला सगळ्यात चांगली वेळ अंघोळीची. तपासणी केल्यासारखं वाटू देऊ नका.

आधी विचारा. आम्ही आईंना "कुठे त्रास होतोय का?" असं विचारायचो, त्या नुसत्या बघत राहायच्या. माझ्या नणंदेने एकदा खाटेशी बसून विचारलं, "कोठे दुखस वं माय?" आईंनी सरळ ओटीपोटावर हात ठेवला. लहानपणीची बोली बहुतेकांची शेवटपर्यंत टिकते. घरात अहिराणी असेल तर अहिराणीत, तावडी असेल तर तावडीत, पावरी किंवा भिलोरी असेल तर तिच्यात विचारा, एका वेळी एकच प्रश्न. उत्तर आलं नाही तर हळूच एकेक भाग दाबत चेहऱ्याकडे बघा. कपाळावरची आठी, दात आवळणं, कण्हणं, हात ढकलणं, हीच त्यांची उत्तरं.

तोंड: कवळी काढून बॅटरीने बघा. हिरडी सुजलीय का, जिभेवर पांढरा थर आहे का. जेवण सोडण्यामागे कित्येकदा एखादी किडलेली दाढ निघते.

छाती: खोकला असेलच असं नाही. जेवताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज घरघरीत येतो का, हे लक्षात ठेवा. अन्न-पाण्याचे कण श्वासनळीत जाऊन होणारा न्यूमोनिया डिमेन्शियाच्या पुढच्या टप्प्यात फार जणांना गाठतो.

पोट: उलटी, जुलाब, पोट धरून बसणं.

कातडी: इथे घाई करू नका. पुस्तकात "लालसर सूज" लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर ती लाल दिसत नाही, काळपट-जांभळट दिसते. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा. तळहात उलटा करून दोन्ही पिंढऱ्यांना लावा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि ताठ लागतो का बघा. पायाची बोटं फाकवून बघा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी भिजून फाटते आणि तिथूनच जंतू आत शिरतात. आईंच्या डाव्या पायाला तसंच झालं होतं. त्या नुसत्या पाय जमिनीवर टेकवायला तयार नव्हत्या. टाचांच्या भेगा, स्तनांखालच्या आणि जांघेतल्या घड्या, नखांच्या कडा बघा. कमरेच्या पट्ट्यात एकाच बाजूला पाण्याचे फोड आले असतील तर नागीण असू शकते. अंथरुणाला खिळलेल्यांच्या माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर डाग बघा. बोटाने दाबून सोडल्यावर रंग बदलला नाही, तर तिथे जखम व्हायला सुरुवात झालीय.

पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यूही धरूनच चाला. डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

५. लघवी: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की आपण "उन्हाळी लागली" म्हणतो, धने-जिऱ्याचं पाणी देतो, आणि एरवी ते चालूनही जातं. डिमेन्शियाच्या माणसाच्या बाबतीत मात्र "उन्हाळी" म्हणून दिवस घालवू नका.

इन्फेक्शनकडे बोट दाखवणाऱ्या खुणा: लघवी करताना तोंड वाकडं करणं किंवा रडणं, थोडी थोडी लघवी वारंवार, मोरीकडे घाईने धावणं, नव्याने कपड्यात होणं, ओटीपोट दाबल्यावर दुखणं, लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं.

नुसता वास किंवा नुसता गढूळपणा पुरेसा नाही. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते आणि वासही मारते. आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितली: म्हाताऱ्या माणसांच्या, त्यातही बायकांच्या, लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. रिपोर्टमध्ये जंतू आले म्हणजे रोग झालाच असं नाही, आणि त्रास नसताना अँटिबायोटिक देऊन बहुतेकांचा फायदा होत नाही. म्हणून "लघवीचा रिपोर्ट खराब आहे" एवढ्यावर बाकीचं शोधणं थांबवू नका.

नमुना देण्याची रीत: अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी नमुना घ्या. आधी पाण्याने स्वच्छ धुवा. पहिली धार सोडा, मधली डबीत धरा. डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. डायपर पिळून काढलेली लघवी कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी) चालत नाही. डबीवर नाव आणि वेळ लिहा, तास-दोन तासांत लॅबला पोहोचवा. खेड्यावरून तालुक्याला जायला उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा आणि लॅबवाल्याला तसं सांगा. माणूस सहकार्य करत नसेल तर ओढाताण करू नका, नमुना दवाखान्यात घेता येतो.

किती वेळा झाली हेही मोजा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवीच नाही, किंवा नुसती ठिबकतेय आणि बेंबीखाली टणक फुगवटा लागतोय, तर लघवी अडलेली असू शकते. मग रात्र काढू नका.

६. इन्फेक्शन नसेल तर?

एकदा आईंच्या लघवीला वास यायला लागला, चिडचिड वाढली. आखाजीची आठवण ताजी होती. मी घाबरून मेडिकलवरून तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. जुलाब लागले, गोंधळ आणखी वाढला, आणि नंतर दिलेल्या कल्चरमध्ये काही कळेना, कारण औषध आधीच पोटात गेलेलं. मूळ कारण निघालं बद्धकोष्ठ. सहा दिवस पोट साफ झालं नव्हतं आणि वहीत मी तो रकाना भरलाच नव्हता.

तेव्हा या गोष्टीही तपासा: शेवटची संडास कधी झाली, गेल्या दोन दिवसांत पाणी किती गेलं, पंधरा दिवसांत कुठलं औषध नवं सुरू झालं किंवा बंद झालं. सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधं, लघवी आवरण्याच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांनीही अचानक गोंधळ होतो. काही अँटिबायोटिकनेही होतो. माणूस पडलं असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर तो मार आठवड्यांनीही गोंधळ आणतो. हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका. तोंड वाकडं झालं, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतं, तर तो पक्षाघात. तिथे मिनिटांचा हिशोब आहे, वही उघडत बसू नका.

७. या चुका टाळा

"वय झालं" हे कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, वय एका रात्रीत होत नाही.

मेडिकलवरून अँटिबायोटिक आणू नका, मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही देऊ नका. शांत करायला झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका, श्वास मंदावतो, ठसका वाढतो, आणि आतलं दुखणं झाकलं जातं. लेवी बॉडी डिमेन्शिया असेल तर प्रत्येक नव्या डॉक्टरला ते आधी सांगा, हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं या माणसांना फार घातक ठरू शकतात.

आपल्याकडे असं अचानक बरळणं "बाहेरचं लागलं" म्हणून बघितलं जातं. आमच्या गल्लीतही कुणीतरी लिंबू-मिरची घेऊन आलं. त्यांची माया खरी होती. देवाला नवस बोलायचा तर बोला, अंगारा लावायचा तर लावा, पण लघवी आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी करा. उतारा उद्या केला तरी चालतो.

हातपाय बांधून ठेवू नका. बांधलं की भीती वाढते, धडपड वाढते, जखमा होतात.

८. डॉक्टरांकडे जाताना

पिशवी तयार ठेवा: वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं (नावं तोंडपाठ आहेत म्हणू नका), जुने रिपोर्ट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची चिठ्ठी, आधार कार्ड, रेशन कार्ड. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मानचं वय वंदना कार्ड आधीच काढून ठेवा. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, यादीतल्या दवाखान्यात भरती झाल्यावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. कार्डासाठी धावपळ भरतीच्या रात्री होऊ नये. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी सोबत घ्या. न दिसणारं, न ऐकू येणारं माणूस दवाखान्यात दुप्पट गोंधळतं.

डॉक्टरांकडे गर्दी असते. सुरुवातीलाच एका दमात सांगा: "यांना चार वर्षांपासून अल्झायमर आहे. परवा सकाळपर्यंत स्वतः चालत होत्या, अर्धी भाकरी खात होत्या. काल दुपारपासून उठत नाहीत, ओळखत नाहीत, सकाळपासून लघवी एकदाच झाली. ताप रोज ९७, आज ९९.४. श्वास २६." एवढं ऐकलं की डॉक्टर "डिमेन्शियाच आहे" म्हणून सोडून देत नाहीत. मग विचारा: रक्ताची तपासणी, सोडियम, किडनी, साखर, लघवी, छातीचा एक्स-रे, यातलं काय काय करायचं? घरात एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी आठवेल ते त्याच्या कानात सांगायचं.

९. इथे थांबू नका, १०८ लावा

श्वास मिनिटाला तीसच्या आसपास किंवा धाप, ऑक्सिजन ९० च्या खाली, हलवूनही नीट जाग येत नाही, ओठ, नखं निळसर किंवा कातडीवर जाळीसारखे चट्टे, हातपाय गार आणि बीपी घसरलेलं, दहा-बारा तास लघवी नाही, आकडी (फिट) येणं, पाणीही गिळता येत नाही. यातलं एक असलं तरी पुरे. पाणी किंवा गोळी तोंडात ओतू नका, जाग येत नसेल तर कुशीवर झोपवा, आणि फोनवर गावाचं नाव, फाटा, जवळची खूण नीट सांगा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावातलीच गाडी काढा.

१०. भरती झाल्यावर आणि घरी आल्यावर

रात्री ओळखीचं एक माणूस खाटेजवळ हवंच. खोलीत मंद दिवा, भिंतीवर दिसेल असं घड्याळ, अंगावर घरचं पांघरूण. दर थोड्या वेळाने सांगत राहा, "आपण दवाखान्यात आहोत, मी इथेच आहे." लघवीची नळी घातली असेल तर रोज विचारा की ती अजून लागते का, कारण नळी जितके दिवस राहते तितकं नव्या इन्फेक्शनचं भय वाढतं. आईंची नळी कुणी विचारलं नाही म्हणून तीन दिवस जास्त राहिली होती. डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच बसवा, दोन पावलं चालवा.

अँटिबायोटिक सांगितलेले सगळे दिवस द्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

घरी आल्यावर आमच्यात हे बदल झाले. दर तासाला छोटा स्टीलचा पेला, कधी पाणी, कधी ताक, कधी पन्हं, कधी पातळ वरण. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी चालेल ते डॉक्टरांना विचारा. तांब्या उंच धरून वरून पाणी पाजणं बंद केलं. मान मागे गेली की पाणी श्वासनळीत उतरतं. आता पेला ओठाला लावतो, हनुवटी किंचित खाली. वरण-बट्टी करतो तेव्हा त्यांची बट्टी वरणात पूर्ण विरघळेपर्यंत कुस्करतो. जेवताना सरळ बसवतो आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाही. रात्री कवळी काढून धुतो, दात आणि जीभ दोन्ही वेळा साफ करतो, तोंड स्वच्छ राहिलं की छातीची दुखणी कमी होतात. संडासनंतर पुढून मागे धुतो. डायपर ओलं राहू देत नाही. अंघोळीनंतर पायाची बोटं कोरडी पुसतो. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची लस याबद्दल डॉक्टरांशी बोला.

गोंधळ इन्फेक्शनबरोबर लगेच जात नाही. कधी काही दिवस, कधी आठवडे, कधी महिने लागतात, आणि काही वेळा माणूस पहिल्या पायरीवर परत येत नाही. आखाजीच्या त्या आजारानंतर आईंनी एकविसाव्या दिवशी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. खडे वेचले, थोडी डाळही जमिनीवर सांडली. नातवाला हाक मारणं मात्र परत आलं नाही. तेव्हा मी वहीतलं पहिलं पान लिहिलं: "ताप ९७. श्वास १८. पाव भाकरी. मोरीपर्यंत हात धरून. डाळ निवडतात. नातू जवळ आला की त्याच्या गालावरून हात फिरवतात."